उचलण्याआधी

तो हलका होता, इतका हलका की तळहातावर ठेवला तरी ठेवल्यासारखा वाटेना, आणि कोमट. आधीच्या दहाबारा जणांच्या मुठींतली ऊब त्याच्यात राहिली होती. रंग जुन्या साबणाच्या वडीसारखा पिवळट. मागे एक बोथट काटा, दोन अंगांना दोन पंख, आणि मधोमध भोक. माणसाचा मणका. मारोतरावाने करंगळी त्या भोकात घालून पाहिली. ती गेली. कुठेही न अडता आरपार गेली, आणि त्याने ती चटकन बाहेर काढली.

"करंगळी जाते ना?" समोर उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष आपल्याकडेच होतं हे त्याला तेव्हा कळलं. "जवळजवळ तेवढीच जाड असते ती. आपला सगळा कारभार त्या करंगळीएवढ्या दोरीवर चालतो."

मणका त्याने शेजारच्या रुपरावाकडे दिला आणि तळहात धोतराला पुसला. पुसण्यासारखं हाताला काही लागलं नव्हतं. तरी पुसला.

शनिवारी दुपारी कापसाचा कारखाना, जीन, बंद ठेवून हा वर्ग भरवला होता. चाळीसएक माणसं गोणपाटावर बसलेली, कापसाचा बारीक फुफाटा उन्हाच्या पट्ट्यात तरंगत असलेला, आणि यंत्रं थांबल्यामुळे शेडमध्ये अशी शांतता की प्रत्येकाचं खोकणं वेगळं ऐकू यावं. सोबतचा कवडू गाठींवरून पडला त्यानंतर कारखाना-निरीक्षक येऊन गेला, त्याने काही कागद लिहिले, आणि त्या कागदांतून चार महिन्यांनी ह्या बाई उगवल्या — डॉक्टर देशकर, वयाने तिशीच्या आतबाहेर, सरकारी दवाखान्यातल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेली हाडं पिशवीतून घेऊन आलेल्या. प्रथमोपचार. जखम कशी बांधायची, विजेचा झटका बसलेल्याला कसं सोडवायचं, हे सगळं मारोतरावाने नीट ऐकलं होतं. आता पाठ आली होती. ती येणार हे त्याला सकाळपासून माहीत होतं. सकाळपासून कशाला, नोटीस लागली त्या दिवसापासून. आजारी पडावं असंही मनात येऊन गेलं. पण आजारी पडलेल्या माणसाकडे लोक बघतात.

बाई सांगत होत्या. मेंदूतून निघालेली दोरी — मज्जारज्जू तिचं नाव — मणक्यांच्या नळीतून खाली कमरेच्या वरपर्यंत येते. दोन मणक्यांच्या फटीतून डावीकडे एक, उजवीकडे एक, अशा नसांच्या एकतीस जोड्या बाहेर पडतात. वरच्या हातांना जातात, मधल्या छातीपोटाला, खालच्या पायांना, लघवी-संडासच्या जागांना. दोरी जिथे दुखावेल तिथून खालचं जातं. मानेत दुखावली तर हातपाय सगळेच, श्वाससुद्धा. पाठीत दुखावली तर कमरेखालचं.

"आन् पुन्हा जुळत नाही काय बाई?" मागून कुणीतरी विचारलं.

"हाताची नस कापली तर ती पुन्हा वाढू शकते. फार सावकाश. दिवसाला ज्वारीच्या कणीएवढी, पण वाढते. ही दोरी तुटली तर वाढत नाही." त्या थांबल्या. "पण नीट ऐका. हाड मोडलं म्हणजे दोरी तुटलीच असं नाही. हाड मोडून जागच्या जागी राहिलं तर दोरी शाबूत असू शकते. म्हणून उंचावरून पडलेल्या माणसाला बसवायचं नाही. काखेत हात घालून ओढायचं नाही. पाणी पाजायला मान उचलायची नाही. मोडलेलं हाड सरकलं की…" आणि त्यांनी हवेत दोन बोटं कात्रीसारखी जवळ आणली.

काखेत हात घालून. त्यांनी हेच शब्द काहून वापरले? दुसरे शब्द नव्हते काय?

त्याला वाटलं, आता सगळे वळून आपल्याकडे बघतील. कुणी बघितलं नाही. रुपराव मणका कानाशी धरून हलवून बघत होता. आणि तेवढ्यात मॅनेजर ताराचंदजी, जे इतका वेळ खुर्चीत पेंगत होते, ते उठले आणि कौतुकाने म्हणाले, "मॅडम, हेच आमचे रामटेके. मारोतराव. त्या दिवशी यांनीच कवडू मेश्रामला उचललं. एकट्यानं! खांद्यावर टाकून फाटकापर्यंत नेलं, रिक्षात बसवलं. नाहीतर माणूस जागेवरच गेला असता."

कुणीतरी टाळी वाजवली. दोघातिघांनी आणखी वाजवल्या.

डॉक्टरीणबाईंनी वळून त्याच्याकडे बघितलं. क्षणभरच, पण त्या क्षणात मारोतरावाने त्यांचा चेहरा पाहिला. राग नव्हता त्यावर. राग असता तर बरं झालं असतं. एखाद्या लहान पोराने हौसेने दाखवलेल्या वस्तूकडे बघून ती काय आहे हे त्याला सांगावं की नाही, असा तो चेहरा होता. मग त्या पिशवीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "माहीत नसताना माणूस घाबरून जे करतो ते करतो. आता माहीत करून घेऊ. या रामटेके, तुम्हीच पेशंट व्हा. आडवे पडा."

तो आडवा पडला. वर पत्र्याचं छप्पर. हेच छप्पर कवडूलाही दिसलं असेल… दिसत होतं का त्याला? डोळे तर उघडे होते. जागाही फार लांबची नाही, त्या खांबापलीकडे, वजनकाट्याशी. कापसाच्या गाठींच्या चौथ्या थरावर उभा राहून एका गाठीत आकडा रुतवून ओढत होता, आकडा सुटला, आणि कवडू पाठमोरा आला खाली, काट्याच्या लोखंडी कडेवर. गाठ पडल्याचा आवाज मोठा होतो, सगळी शेड हादरते. माणूस पडल्याचा आवाज त्या मानाने काहीच नाही. मी सर्वांत जवळ होतो. मी पोचलो तेव्हा तो नुसता पडलेला होता, कुठे रक्त नाही, तोंड जरा उघडं, आणि उजव्या पायातली चप्पल उडालेली, आणि त्या पायाचा अंगठा…

"हलू नका," बाई म्हणाल्या. "चौघं जण एका बाजूला गुडघ्यावर बसा. डोकं एकानं धरायचं. मी म्हणेन तेव्हाच, सगळ्यांनी एकदम."

चार माणसांचे आठ हात त्याच्या अंगाखाली सरकले. रुपरावाचे तळवे दोन्ही कानांवर आले आणि जगाचा आवाज कमी झाला. अंगाखालचे ते हात घामेजलेले होते, ओळखीचे होते, रोज तंबाखू पुढे करणारे होते, आणि तरी त्याच्या पाठीत कुठेतरी खोल काहीतरी आक्रसून गोळा झालं — नको, थांबा, नको. तो ओरडला नाही. तोंडून फक्त "थां—" एवढंच निघालं, आणि ते ऐकून तो स्वतःच गार पडला. कारण कवडू हेच म्हणाला होता. "थां—". चार महिने मारोतराव तो अर्धा शब्द मनात घोळवत होता: थांब म्हणत होता की जड जिभेने थंडी वाजते म्हणत होता की थंड पाणी मागत होता? तेव्हा मी ठरवलं की पाणी. पाणी मागणाऱ्याला उठवून बसवायला हवं. आडव्या माणसाला पाणी कसं पाजणार? आणि आडवा कवडू मला पाहवत नव्हता, हे खरं; बसलेला माणूस जिवंत वाटतो. मी मागून गेलो, काखांत हात घातले, आणि…

"छान," बाई म्हणाल्या. "असंच दारावर, फळीवर ठेवायचं. आता उतरवा."

अंगठा हलत होता. खाली, वर, आणि जरा थांबून पुन्हा खाली. सकाळी खाटेवरून उतरताना माणूस न बघता पायाने चप्पल चाचपतो तसा. मी पाहिलं. मी एकट्यानेच पाहिलं. मग मी उचललं, आणि हातांना काहीतरी कळलं, आवाज झाला की नाही ते आता सांगता येत नाही, पण दोन्ही हातांना एक बारीक धक्का कळला, दार चौकटीत बसावं एवढाच. त्यानंतर मी अंगठ्याकडे बघितलं नाही. पाणी पाजलं, खांद्यावर घेतलं, धावलो. रिक्षात बघितलं तेव्हा दोन्ही पाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे पाट्यावर पडलेले होते.

विचारलं तेव्हा सांगितलं, पडला तवाच गेले पाय. दवाखान्यात तेच सांगितलं, निरीक्षकाला तेच, सत्यवतीलाही — आपल्या बायकोलाही — तेच. एकदा सांगितलं आणि मग ते बदलायची जागाच राहिली नाही.

वर्ग संपला. माणसं उठून तंबाखू मळत बाहेर गेली. डॉक्टरीणबाई एकेक हाड कागदात गुंडाळत होत्या. मारोतराव फाटकापर्यंत गेला, सायकलचं कुलूप काढलं, पुन्हा लावलं, आणि परत आत आला.

"बाई, एक विचारू काय?"

"विचारा ना."

"समजा माणूस पडला. आन् पडल्यावर… उचलायच्या आधी त्याचा पाय हालत असंन. बोट. आन् मंग उचलल्यावर नसंन हालत. तं मंग ते…"

हातातला मणका तसाच ठेवून त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. वाक्य पुरं करायला त्यांनी मदत केली नाही.

"तं ते उचलल्यानं झालं म्हणायचं काय?"

"सांगता येत नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "खरंच सांगता येत नाही. आत रक्त साकळतं, सूज येते, आणि तासाभरात आपोआपही पाय जाऊ शकतात, कुणी हात लावला नाही तरी. आणि हाड सरकूनही जाऊ शकतात. बाहेरून कोण सांगणार?" मग जरा थांबून, "तुम्ही पाहिलंत?"

"नाही. ऐकलं," तो म्हणाला. "दुसऱ्याचं आहे. भंडाऱ्याकडच्या एकाचं."

"ज्यानं पाहिलं असेल त्याला म्हणावं, पेशंटच्या डॉक्टरला जाऊन सांग. पाय जागच्या जागी गेले की नंतर गेले, हे कळलं तर डॉक्टर वेगळा विचार करतात. पेशंटच्या कामाची गोष्ट आहे ती." त्यांनी मणका कागदात गुंडाळला. "त्याला हेही म्हणावं, त्याला माहीत नव्हतं."

माहीत नव्हतं. हे वाक्य घेऊन तो बाहेर पडला आणि सायकलवर बसताच ते निसटलं. कारण अंगठा हलतो हे तर माहीत होतं. ते कुणी शिकवायला नको होतं. ज्या माणसाचा पाय हलतो आहे त्याला घाईने उपसायचं काय कारण? घाई कुणाला होती, कवडूला की मला?

जीनमधून कवडूचं घर सरळ रस्त्याने अर्ध्या तासाचं. नंदनवनच्या मागची वस्ती. दर शनिवारी तो जातो. आज त्याने सायकल उलटी, बर्डीच्या बाजाराकडे वळवली. कारण होतं — कवडूच्या कुल्ल्यावर जखम धरू लागली होती, आणि दवाखान्यातल्या नर्सने हवा भरायची रबरी चकती आणायला सांगितली होती, ती व्हरायटी चौकाजवळच्या एका दुकानात मिळते. खरं कारण होतं. तरी व्हरायटी चौकातल्या गर्दीत, कापडवाल्यांच्या हाकांत, सिनेमाच्या रांगेच्या कडेने सायकल हातात धरून चालताना त्याला वाटलं की आपण लपून बसलो आहोत. मार्चचं ऊन डांबरावरून वर येत होतं. समोरून माणसं येत होती आणि तो त्यांचे पाय बघत होता. किती पाय! चपला, बूट, अनवाणी, पैंजणवाले, आणि कुणीही आपल्या पायाला सांगत नव्हतं की चल. एक बाई उभ्या उभ्या एका पायाने दुसऱ्या पायावरची माशी हाकलत होती. दुकानाच्या पायरीवर तो थोडा वेळ बसला. दुकानदाराने चकतीत हवा भरून दाखवली, दाबून दाखवली, आणि विचारलं, "घरात कुणी म्हातारं आहे का?"

"नाही," तो म्हणाला. "माह्याच वयाचा आहे."

छत्तीस. दोघेही छत्तीसचे. छप्पनच्या दसऱ्याला दोघे पांढरे कपडे घालून दीक्षा घ्यायला एका रांगेत उभे होते, अठरा-अठरा वर्षांचे, कवडूचा सदरा मोठ्या भावाचा होता म्हणून बाह्या चार वेळा दुमडलेल्या. मी खोटं बोलणार नाही, हेही त्या दिवशी लाखो माणसांबरोबर दोघांनी मोठ्याने म्हटलं होतं. कवडूचा आवाज त्याला आपल्या डाव्या कानात अजून ऐकू येत असे. बेसूर आणि सगळ्यांच्या अर्धा शब्द पुढे.

कवडूच्या दारात पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. कांताबाई बाहेर दोरीवर चादर टाकत होती. कवडूची बायको, बारीक, हाडकुळी, आणि ह्या चार महिन्यांत तिचे दंड पुरुषासारखे झाले होते.

"आले काय भाऊजी? बरं झालं. याहीले कूस द्याची वेळ झाली. हात लावा जरासा."

आत अंधार वाटला, मग खाट दिसली, भिंतीवरची बुद्धाची तसबीर दिसली, आणि मग कवडू. अंग वरून तसंच होतं, रुंद खांदे, जाड मान. कमरेखाली चादर सपाट होत गेलेली. खाटेखाली नळीची बाटली.

"आला काय गा मारोत! काय शिकोलं बाईनं? रुपराव येऊन गेला आता, म्हणे तुले मुर्दा बनोलं."

मारोतराव हसला. हसणं तोंडावर आलं हे त्याला जाणवलं.

कूस द्यायला दोघे खाटेच्या दोन बाजूंना उभे राहिले. आजवर तो बेधडक खांद्याखाली हात घालत असे. आज त्याचे हात कवडूच्या पाठीपर्यंत गेले आणि थांबले. इथेच तो मणका. कातडीच्या मागे, बोटभर अंतरावर. त्याला कापसाच्या गाठी उचलणारे आपले हात दिसले. बोटं कशी जाड, नखांत तेल.

"काहून थांबले?" कांताबाई म्हणाली. "ओढा ना."

"एकदम करू, वयनी. मी म्हणतो तवा. दोघांनी एकदम."

तिने त्याच्याकडे बघितलं आणि हात खाली सरकवले. दोघांनी एकदम केलं. कवडू कुशीवर आला. चादर सरकली तशी डावी तंगडी अचानक ताठ होऊन थरथरली आणि पुन्हा निपचित झाली.

"पाह्यलं?" कवडू कडवटपणे म्हणाला. "नाचते. माही नाही ते. मले इचारत नाही न पुसत नाही."

कांताबाईने रबरी चकती त्याच्या खाली नीट बसवली, सदरा वर सारला. पोटावर, बेंबीखाली दोन बोटांवर, बॉलपेनच्या निळ्या रेघा होत्या. दर रविवारी ती आगपेटीच्या काडीने वरून खाली टोचत जाते आणि कवडू "नाही" म्हणाला की तिथे रेघ ओढते. आठदहा रेघा एकमेकींवर चढलेल्या. "ही नवी जरा खाली आहे," ती म्हणाली. "दिसते ना भाऊजी?" त्याने वाकून बघितलं. असेल. किंवा पेन घसरला असेल. "दिसते," तो म्हणाला.

ती चहा टाकायला चुलीकडे गेली. कवडू भिंतीकडे तोंड करून होता, त्यामुळे त्याचा फक्त कान आणि गाल दिसत होता. तसाच, न वळता, तो बोलला.

"मंगळवारी नेलं होतं मले दवाखान्यात. नवा डॉक्टर आहे. चांगला वाटला. त्यानं मले इचारलं, पडल्याबराबर पाय गेले की मंग गेले? मले तं काही याद नाही गा. आकडा सुटला एवढं याद आहे, आन् मंग तुहा चेहरा. उलटा. तू डोक्याकडून होता ना."

"हो."

"तो म्हणे, जागच्या जागी गेले असतीन तं नस तुटली समजा. पण मंग गेले असतीन तं कदाचित दबली असंन. दबलेली कधी कधी सुटते म्हणे. पक्कं नाही बोलला. म्हणे, कोणी पाह्यलं असंन तं इचारून या." कवडूच्या मानेतली शीर दिसत होती. "पाह्यलं तं तूच. तू तं लिहून देल्लं, तवाच गेले म्हून. तरी इचारतो. तुले बराबर याद आहे काय?"

चुलीवर भांडं ठेवल्याचा आवाज झाला. चार महिने ह्या प्रश्नाची वाट बघत होतो मी. रोज सकाळी उठल्यावर आधी हाच आठवायचा. पण तो असा येईल असं वाटलं नव्हतं. तो आरडाओरडा करत येईल, बोट दाखवत येईल, सगळ्या वस्तीसमोर येईल असं वाटायचं. तो भिंतीकडे तोंड करून, भीक मागावी तसा आला. नाही म्हटलं तर संपलं. नाही म्हणायची सवयही झाली आहे. कवडू मान हलवील, आणि मंगळवारी त्या डॉक्टरला सांगेल की तुटली, आणि डॉक्टर कागदावर तसं लिहील, आणि रेघा…

"हालला होता," तो म्हणाला.

आपलाच आवाज त्याला कळेना.

"काय?"

"अंगठा. उजव्या पायाचा. चप्पल उडाली होती तुही. दोनतीनदा हालला. मी पाह्यलं."

कवडूने वळायचा प्रयत्न केला. कमरेने साथ दिली नाही, फक्त खांदे आणि मान फिरली, आणि त्या अर्धवट पिळलेल्या अंगातून त्याने मारोतरावाकडे असं बघितलं की मारोतरावाने खाटेची पाटी घट्ट धरली. आता येईल. आता कळेल त्याला. एक पाऊल राहिलं आहे, हालला होता आणि मग तू उचललं, एवढंच जोडायचं आहे, लहान मूलही जोडील.

"कांते!" कवडू ओरडला. "ऐकलं काय वं? कांते! हालला होता! माहा अंगठा हालला होता! तुटली नाही!"

तो रडत होता. हसतही होता. मारोतरावाचा हात त्याने पकडला आणि मनगट दुखेपर्यंत दाबला. ह्या हातांतली ताकद अजून तशीच होती. "दबली आहे, मारोत. दबली आहे साली! आन् तू उचललं म्हून वाचलो गा, नाही तं…"

"कवडू, ऐक," तो म्हणाला. "मी उचलल्यावर…"

"उचललं म्हून तं आहे मी! मंगळवारी चाल माह्यासंग. तूच सांग डॉक्टरले. तू पाह्यलं, तूच सांगशीन. येशीन ना?"

"कवडू…"

"येशीन ना गा?"

"येतो."

ऐकायला जागाच नव्हती त्या चेहऱ्यावर. चार महिने नव्हता तेवढा चेहरा भरून गेला होता. मारोतरावाला वाटलं होतं की ते वाक्य तोंडातून गेलं की छातीवरचं काहीतरी उतरेल. उतरलं नाही. उलट आता भीती दोन झाल्या होत्या: कवडूला पुढचं कळेल ही एक, आणि हा आनंद खोटा ठरेल, अंगठा कधीच हलणार नाही आणि आपण त्याला दुसऱ्यांदा पाडलं असेल, ही दुसरी.

चहा आला. कांताबाईने कप त्याच्या हातात दिला, नवऱ्याला उशी देऊन चमच्याने पाजला, तोंड पुसलं. ती रडली नाही. हसली, कवडूसाठी हसली, "चांगलं झालं ना मंग," म्हणाली. कवडू बोलतच होता: अंगठा किती हालला, कोणत्या बाजूला, नख दिसत होतं काय. मारोतराव उत्तरं देत होता. सगळी खरी. आयुष्यात इतकी खरी उत्तरं लागोपाठ दिली नसतील, आणि प्रत्येक उत्तराला कांताबाईचे डोळे कपातल्या चहावरून वर येत होते आणि पुन्हा खाली जात होते.

तो निघाला तेव्हा ती सायकलपर्यंत आली. एरवी ती येत नाही. दोरीवरची चादर वाळली की नाही ते तिने चाचपून बघितलं, आणि चादरीला हात तसाच लावून ठेवून, आवाज न चढवता म्हणाली,

"भाऊजी, पाय हालला होता तं चार महिने काहून नाही सांगतलं?"

त्याने सायकलची घंटी धरली होती. अंगठा घंटीच्या पट्टीवर होता आणि तो दाबला जाणार नाही याची तो काळजी घेत होता. पलीकडच्या घरात कुणीतरी भाकरी थापत होतं.

"भेव वाटलं," तो म्हणाला.

"कायचं?"

आता सांगता आलं असतं. शब्द चारच होते आणि सोपे होते. पण ते तिच्या ह्या चेहऱ्यासमोर, एकटीच्या समोर, सांगायचे की डॉक्टरसमोर, कवडूसमोर, तिघांनाही एकदम? त्याला कळेना. हे पळणं आहे की नाही, तेही कळेना.

"मंगळवारी सांगतो," तो म्हणाला. "तेथंच. तुमीही राहा. समदं सांगतो, वयनी. हालला तेबी, आन् मंग… मंगचंबी."

मंगचं म्हणजे काय, हे कांताबाईने विचारलं नाही. चादर काढली, दोन्ही हातांनी घडी घातली, छातीशी धरली. तिच्या दंडांकडे त्याचं लक्ष गेलं, आणि दर दोन तासांनी, दिवसातून बारा वेळा, एकटीने, ती कवडूला कशी वळवत असेल हे आज पहिल्यांदा त्याला दिसलं.

"या," ती म्हणाली, आणि आत गेली.

तो सायकलवर बसला नाही. हातात धरून चालू लागला. या. कसं म्हणाली ती? रोजच्यासारखं म्हणाली, पाहुण्याला म्हणतात तसं? की कळून म्हणाली, आणि त्यात ताकीद होती, चुकवू नका, मी वाट पाहीन? की हे दोन्ही नव्हतं, आणि थकलेल्या बाईने दार लोटण्याआधी तोंडाने काढलेला तो नुसता आवाज होता… त्याने तो शब्द स्वतःशी तिच्या आवाजात म्हणून पाहिला. एकदा हळू, एकदा जरा ठासून. प्रत्येक वेळी त्याचा अर्थ बदलला आणि प्रत्येक वेळी तीच भीती परत आली; पण ती भीती आता चार महिन्यांची ओळखीची, आपली आपल्यापाशी दडवून ठेवलेली राहिली नव्हती, तिचं टोक दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेलं होतं. शनिवार संपत होता. मधे रविवार होता, सोमवार होता. या, तो पुन्हा म्हणाला, आणि ह्या वेळी शेजारून जाणाऱ्या माणसाने वळून बघितलं.